एकच पोट, दोन पाय: पोषण आणि व्यायामशास्त्र एकत्र शिकायचं म्हणजे नेमकं काय

स्वीडनमधल्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन संशोधकांनी १९६६ साली स्वतःवरच केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाच्या एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले. एकाने फक्त डावा पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्याने फक्त उजवा. तो पाय पार गळून जाईपर्यंत दोघांनी पेडल मारलं. दुसऱ्या पायाला पूर्ण विश्रांती. मग तीन दिवस जवळजवळ निव्वळ कर्बोदकांचा आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांतून जाड सुईने स्नायूचा कणभर तुकडा काढून त्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, मोजलं. तीन दिवसांनी दमवलेल्या पायात ग्लायकोजेन विश्रांतीच्या पायाच्या साधारण दुप्पट भरलं होतं.

माणूस तोच, पोट तेच, ताटातलं अन्न तेच. दोन्ही पायांना रक्तही एकच पोचत होतं, त्यातली साखर आणि इन्सुलिनही एकच. तरी एका पायाने दुप्पट साठा केला. नुसता आहार तपासून याचा उलगडा होणार नाही आणि नुसता व्यायाम तपासूनही होणार नाही. या दोन विषयांची सांगड घालणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम नेमका या सांध्यावर उभा आहे.

आत घडतं ते असं. स्नायू आकुंचन पावू लागला की पेशीच्या आत दडलेले ग्लूट-४ नावाचे वाहक तिच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातलं ग्लुकोज आत घेतात. त्यासाठी इन्सुलिनच्या हुकमाची गरज नसते. शिवाय ग्लायकोजेनचा साठा जितका रिकामा, तितकं ते बनवणारं एन्झाइम जोमाने काम करतं. म्हणजे खाल्लेलं कुठे जाणार हे आधी केलेल्या व्यायामावर ठरतं आणि पुढचा व्यायाम किती टिकणार हे त्या खाण्यावर. पोषण आणि व्यायामाचे पेपर शेजारीशेजारी ठेवून ही साखळी शिकवता येत नाही. काही अभ्यासक्रम तसेच असतात: चार पेपर आहाराचे, चार व्यायामाचे, मध्ये भिंत. प्रवेश घेण्याआधी विषयपत्रिकेत व्यायामातील चयापचय हा स्वतंत्र पेपर आणि त्याला जोडलेलं प्रात्यक्षिक आहे का, हे आधी बघा.

आधी काय यायला हवं

अभ्यासक्रम साधारण एक ते दोन वर्षांचा असतो. येणारे विद्यार्थी दोन वाटांनी येतात. आहारशास्त्राकडून आलेल्यांना जीवरसायनशास्त्र येतं, पण हृदयाचा ठोका, एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त आणि ऑक्सिजनचा वापर यांचं गणित नवं असतं. क्रीडा किंवा शारीरिक शिक्षणाकडून आलेल्यांना तालमीचं आयोजन हातचा मळ वाटतं, पण मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात) शिरतात कशी इथे गाडी अडते. संख्याशास्त्रात दोन्हीकडचे अडतात.

तयारी किती झाली हे पाहायला एक प्रश्न पुरेसा आहे: एक ग्रॅम मेदात ९ किलोकॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकात ४; मग वेगाने धावताना शरीर कर्बोदकांकडे का वळतं? उत्तराचा एक भाग असा की तेव्हा अडचण इंधनाची नसते, ऑक्सिजन आणि वेळेची असते. एक लिटर ऑक्सिजन वापरून मेदातून सुमारे ४.७ किलोकॅलरी निघतात, कर्बोदकांतून सुमारे ५.०५. शिवाय मेद पेशीबाहेरून आणून, मायटोकॉन्ड्रियात नेऊन, तुकडे करून जाळण्याची साखळी लांब आणि संथ आहे; स्नायूतलं ग्लायकोजेन जागेवरच असतं आणि त्याचा पहिला टप्पा ऑक्सिजनशिवायही पार पडतो. हे उत्तर स्वतःच्या शब्दांत मांडता येत नसेल, तर प्रवेशाआधीचे दोन-तीन महिने ग्लायकोलिसिस, क्रेब्ज चक्र आणि बीटा-ऑक्सिडेशन या साखर आणि मेद जाळण्याच्या टप्प्यांना द्या. एन्झाइमांची नावं घोकण्यापेक्षा कार्बनचा अणू कुठून निघाला आणि कुठे पोचला याचा माग काढा. परीक्षेतही तेच विचारतात आणि लॅबमध्येही तेच लागतं.

श्वासातून इंधन ओळखणं

लॅबमधलं पहिलं मोठं कौशल्य म्हणजे श्वासातल्या वायूंवरून खर्च झालेली ऊर्जा काढणं, म्हणजे इनडायरेक्ट कॅलरीमेट्री. तत्त्व सोपं आहे. ग्लुकोजचा एक रेणू जाळायला ऑक्सिजनचे ६ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ६ सुटतात, भागाकार १. पामिटिक आम्लासारख्या मेदाम्लाला ऑक्सिजनचे २३ लागतात आणि १६ सुटतात, भागाकार ०.७. श्वासात मोजलेल्या या गुणोत्तराला आरईआर म्हणतात. ते ०.७ च्या जवळ असेल तर मुख्यतः मेद जळतोय, १ च्या जवळ असेल तर मुख्यतः कर्बोदकं.

समजा विश्रांतीत एका व्यक्तीचा ऑक्सिजनचा वापर मिनिटाला २५० मिलिलिटर आणि कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०५ मिलिलिटर आहे. आरईआर ०.८२, म्हणजे मिश्र इंधन. ऊर्जेसाठी १९४९ सालचं वेअरचं समीकरण वापरतात: ऑक्सिजन लिटरमध्ये गुणिले ३.९४१, अधिक कार्बन डायऑक्साइड लिटरमध्ये गुणिले १.१०६. उत्तर येतं मिनिटाला सुमारे १.२१ किलोकॅलरी, दिवसाला १,७४५ च्या आसपास. प्रथिनांचा वाटा यात वेगळा धरलेला नाही; तो हवा असेल तर लघवीतलं नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणावं लागतं.

गणित दोन मिनिटांचं. खरी मेहनत आकडा विश्वासार्ह ठरवण्याची. चाचणीआधी मशीन तापू द्यायचं. मग दोन माहीत असलेल्या वायूंवर यंत्राची पारख, म्हणजे कॅलिब्रेशन: एक खोलीतली हवा, जिच्यात ऑक्सिजन २०.९३ टक्के, दुसरा सिलिंडरमधला, ज्यात साधारण १६ टक्के ऑक्सिजन आणि ४ किंवा ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. मग ३ लिटरच्या सिरिंजने हवेचा प्रवाह तपासायचा, कधी हळू कधी जोरात ढकलून, कारण दमलेला माणूस एकाच वेगाने श्वास सोडत नाही. व्यक्ती रात्रभर उपाशी हवी, कॅफिन न घेतलेली, आदल्या दिवशी जोरदार व्यायाम न केलेली. आडवं करून शांत पडू द्यायचं. पहिली ५ मिनिटं टाकून द्यायची आणि त्यानंतर सलग ५ मिनिटं दोन्ही वायूंचे आकडे १० टक्क्यांपेक्षा जास्त हलत नसतील तेवढाच भाग घ्यायचा.

इथे हमखास होणाऱ्या चुका ओळखीच्या आहेत. नाकाच्या कडेला मास्क सैल असेल तर दोन्ही वायू कमी दिसतात आणि चयापचय मंद असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. आरईआर मात्र ठीकठाक दिसतो, म्हणून ही चूक लपून राहते. मास्कची सवय नसलेली व्यक्ती घाबरून भराभर श्वास घेते. साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो आणि विश्रांतीतही आरईआर १ च्या वर जातो. तो इंधनाचा आकडा नव्हे, भीतीचा. जोरदार व्यायामातही आरईआर १.१ च्या पुढे जातो, कारण वाढत्या आम्लतेला रक्तातलं बायकार्बोनेट आवरतं आणि त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या टप्प्यावर आरईआरवरून मेद किती जळला हे सांगता येत नाही. तरी असे तक्ते छापलेले दिसतात, आणि चांगल्या विद्यार्थ्याचं बोट तिथेच अडखळायला हवं.

जिममधल्या भिंतीवरचा मेद जाळणारा झोनही याच हिशेबाने तपासता येतो. समजा संथ चालताना मिनिटाला ५ किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातल्या ६० टक्के मेदातून येतात: ३ किलोकॅलरी. वेग वाढवल्यावर १२ खर्च होतात, मेदाचा वाटा उतरून ३० टक्के: ३.६. टक्का निम्मा झाला, मेद उलट जास्त जळला. आणि दिवसअखेर मेद घटला की नाही हे त्या अर्ध्या तासावर ठरत नाही, दिवसभराच्या एकूण जमाखर्चावर ठरतं.

जमेची बाजू कच्ची आहे

खर्च मोजायला निदान मशीन आहे. खाल्लेलं मोजायला माणसाची आठवण आणि प्रामाणिकपणा एवढंच असतं, आणि या शाखेचा सगळ्यात दुबळा दुवा हाच. मागच्या २४ तासांचं खाणं विचारणं, तीन ते सात दिवसांची वजन केलेली नोंदवही, ठरावीक पदार्थ किती वेळा खाता याची प्रश्नावली, या तिन्ही पद्धती शिकवल्या जातात आणि तिन्हींत लोक कमी सांगतात. नोंद ठेवायची म्हणून खाणंच बदलतं. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास, सव्वाशे किलोकॅलरी. दिवसात असे तीन चमचे लिहायचे राहिले तर पावणेचारशेची तूट केवळ कागदावर तयार होते.

हे नुसत्या अंदाजाने ठरलेलं नाही. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ हे जड समस्थानिक असलेलं पाणी पाजून एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासतात. ड्यूटेरियम फक्त पाण्यावाटे बाहेर पडतं. ऑक्सिजन-१८ पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटण्याच्या वेगातल्या फरकावरून माणसाने तेवढ्या दिवसांत किती कार्बन डायऑक्साइड सोडला आणि त्यावरून किती ऊर्जा खर्च केली हे कळतं. माणसांवर ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आली आणि नोंदवह्यांतली तूट उघडी पडली. पद्धत महाग आहे आणि ती एकूण बेरीज देते, रोजचा तपशील देत नाही. म्हणून विद्यार्थ्याला नोंदवहीच वापरावी लागते, पण तिच्यावर किती टेकायचं हे माहीत ठेवून.

या दोन्ही बाजू एकत्र आणणारं एक गणित प्रत्येकाने हाताने करावं. त्याचं नाव ऊर्जेची उपलब्धता: खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामाची ऊर्जा वजा करायची आणि उरलेल्याला शरीराच्या मेदविरहित वजनाने भागायचं. हाडं, पाळी, रोगप्रतिकार, झीज भरून काढणं, या सगळ्यांसाठी शरीराच्या हातात किती उरलं ते यातून दिसतं. ६० किलोची धावपटू घ्या, मेद २० टक्के, म्हणजे मेदविरहित वजन ४८ किलो. नोंदवहीत खाणं २,२०० किलोकॅलरी, व्यायामाचा खर्च ८००. उरले १,४००, भागिले ४८: किलोमागे २९. साधारण ४५ पुरेसे धरतात आणि ३० च्या खाली धोका, म्हणजे ही धावपटू धोक्यात.

आता हाच आकडा हलवून पाहा. तिने खाणं १५ टक्क्यांनी कमी लिहिलं असेल तर खरं खाणं जवळपास २,५९० आणि उत्तर ३७. मेद २० ऐवजी २४ टक्के निघाला तर मूळ नोंदीवरही उत्तर ३१ च्या जवळ. घड्याळाने दाखवलेल्या ८०० मध्ये ती नुसती बसून असती तरी झालेला खर्च मिसळलेला असेल, तर तोही आधी काढायला हवा. शिवाय ३० ही रेघ संशोधक अॅन लाउक्स यांच्या लॅबमधून आली, आणि तिथे बैठं जीवन जगणाऱ्या, नियमित पाळी असलेल्या तरुण स्त्रियांवर पाच-पाच दिवसांचे प्रयोग झाले होते. रेघ खरी आहे, पण ती सुरीने मारलेली नाही. म्हणून एका आकड्यावर निदान करायचं नसतं. चुकलेली पाळी, पुन्हा पुन्हा होणारं हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर, रक्तातलं घटलेलं टी-३ हे थायरॉइडचं संप्रेरक, अपेक्षेपेक्षा कमी विश्रांतीचा चयापचय, हे सारं एकत्र ठेवावं लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव दिलं आणि २०१८ व २०२३ मध्ये मांडणी सुधारली. पुरुषही यातून सुटत नाहीत हे त्यात स्पष्ट केलं आहे. असा खेळाडू समोर आला तर डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांसोबतच काम करायचं. एकट्याने आहारतक्ता हातात ठेवणं धोक्याचं आहे, कारण खाण्याच्या विकाराची मुळं त्या तक्त्याने अजून घट्ट होऊ शकतात.

प्रबंधाची वाट आणि तिथले खड्डे

दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग प्रबंधात जातो. बर्गस्ट्रॉम-हुल्टमनच्या प्रयोगाचं सौंदर्य असं की तुलनेसाठी दुसरा माणूस लागलाच नाही; विश्रांतीचा पाय तेच काम करत होता. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत हीच युक्ती क्रॉसओव्हर म्हणून येते: तीच व्यक्ती एकदा खरं पूरक घेते, एकदा प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषधी परिणाम नसलेलं), आणि आधी कोणतं हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं.

पहिला खड्डा मधल्या अंतराचा. कॅफिनला काही दिवस पुरतात. क्रिएटिन हे स्नायूत साठणारं पूरक रोज २० ग्रॅमने ५ ते ७ दिवस भरलं की स्नायूतलं प्रमाण पूर्वपदावर यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि सत्राचं वेळापत्रक तेवढं थांबत नाही. अशा वेळी दोन वेगळे गट घ्यावेत. अंतर कमी करून क्रॉसओव्हर रेटू नये.

दुसरा खड्डा सरावाचा. पहिल्यांदा सायकलवर बसलेला माणूस दुसऱ्या वेळी काही न घेताही सुधारतो. निदान एक सरावचाचणी घेऊन तिचे आकडे बाजूला ठेवावे लागतात. चाचणीची निवडही इथेच येते. ठरल्या जोरावर थकेपर्यंत सायकल मारण्याच्या चाचणीत त्याच माणसाचा वेळ दर खेपेला १० टक्क्यांहूनही जास्त हलू शकतो. ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या चाचणीत ही हालचाल बरीच कमी, बहुधा ५ टक्क्यांच्या आत असते. पूरकाने २ टक्के फरक पडणार असेल तर पहिल्या चाचणीत तो बुडून जातो.

तिसरा खड्डा संख्येचा. दोन वेळांमधला सरासरी फरक त्या फरकांच्या प्रमाणित विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) निम्मा असेल, तर तो पकडण्याची ८० टक्के शक्यता मिळवायला क्रॉसओव्हरमध्येही ३४ जण लागतात. बरेच प्रबंध १० जणांवर उभे असतात. १० जण तेव्हाच पुरतात जेव्हा फरक पूर्ण एका विचलनाएवढा मोठा असतो. हा हिशेब नीतिसमितीकडे अर्ज करण्याआधी करायचा असतो, निकाल आल्यावर नव्हे.

आणखी एक फसवणूक शरीररचनेच्या मोजणीत असते. ग्लायकोजेनचा एक ग्रॅम सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कर्बोदकं भरून ३०० ग्रॅम ग्लायकोजेन वाढलं की वजन १.२ किलोने वाढतं, आणि क्ष-किरणांनी शरीररचना मोजणारा डेक्सा स्कॅन ते मेदविरहित वजन म्हणून दाखवतो. क्रिएटिननेही पाणी धरलं जातं. आठवड्याभरात किलोभर स्नायू वाढल्याचा निकाल हाती आला तर आधी आदल्या दिवशीचं खाणंपिणं तपासा. स्कॅन सकाळी, उपाशीपोटी, लघवी करून, आदल्या दिवसाचा व्यायाम सारखा ठेवूनच घ्यावा.

प्लासिबो चवीने ओळखू येतो का हेही बघावं. कॅफिन कडू असतं, म्हणून कॅप्सूल. प्रयोग संपल्यावर प्रत्येकाला, कोणत्या दिवशी काय मिळालं असं वाटलं, हे विचारून लिहून ठेवायचं. बहुतेकांनी बरोबर ओळखलं असेल तर झाकलेला प्रयोग उघडा पडला, आणि ते प्रबंधात सांगावंच लागतं.

पदवी मिळाल्यावर

नोकरीची दारं क्रीडासंघ, रुग्णालयांतले व्यायामोपचार विभाग, सैन्यदलं, खाद्य आणि पूरक पदार्थांच्या कंपन्या आणि पुढचं संशोधन अशी उघडतात. एक गैरसमज मात्र महागात पडतो: ही पदवी म्हणजे आहारतज्ज्ञाचा परवाना नव्हे. अनेक देशांत ते पदनाम कायद्याने राखलेलं आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी लागते, पण ती मान्यताप्राप्त मार्गाने आणि देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामासह. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला आहार लिहून द्यायचा असेल, तर आपल्या देशात त्यासाठी कोणती नोंदणी लागते हे प्रवेशाच्या आधी लेखी विचारून घ्या. उच्च पातळीच्या खेळाडूंसोबत काम करणाऱ्याला वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची निषिद्ध यादी दरवर्षी नव्याने वाचावी लागते, आणि पूरक देताना तो बॅचनिहाय तपासलेला आहे का हे पाहावं लागतं. भेसळीमुळे उत्तेजक चाचणी पॉझिटिव्ह आली तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

विभाग निवडताना इमारत आणि यंत्रांचे फोटो बाजूला ठेवा. मागच्या तीन वर्षांतले प्रबंध मागून वाचा: किती जणांवर, कोणती चाचणी, किती जणांनी मध्येच सोडलं. विद्यार्थ्याला मशीनवर स्वतः हात चालवू देतात की तंत्रज्ञ करतो आणि विद्यार्थी नुसता आकडे घेतो, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. मार्गदर्शकाला एवढंच विचारा: तुमच्या लॅबमध्ये एकाच व्यक्तीची तीच चाचणी आठवड्याच्या अंतराने दोनदा घेतली, तर आकडा किती टक्क्यांनी हलतो? जिथे हे मोजलेलं असतं तिथे ते लगेच, चाचणीगणिक वेगळं सांगतात, आणि बहुधा त्या नोंदींची फाइलही काढून दाखवतात.